आज कांदा नाही

१० एप्रिल १९८८, रविवार. सकाळपासून वर्षाच्या गव्हाला एरंडेल लावते आहे. दीड पोतं झालं, दीड राहिलं. मध्येच कुमुद टॉकीजच्या शेठचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. टॉकीजला पंचवीस वर्षं होतायत, स्मरणिका काढायची आहे, जुन्या स्टाफने चार चार ओळी लिहून द्याव्यात. खाली शेठनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "शनिवारच्या आपल्या प्रसिद्ध कांदा शोविषयी जरूर लिहिणे."

मी हात पुसले, चार ओळी लिहिल्या आणि माणसाला चहा पाजून परत पाठवलं. त्या ओळींत खोटं काही नाही. पण तो शो ज्यांनी उभा केला त्या सोनवणे ऑपरेटरांचं नाव मी त्यात घातलेलं नाही. कांद्याशेजारी आपलं नाव छापलेलं त्यांना चाललं नसतं. गहू काही पळून जात नाही, म्हणून उरलेलं इथं वहीत लिहून ठेवते.

मी कुमुदच्या लेडीज खिडकीवर चौदा वर्षं बसले. यशवंत सोनवणे माझ्या आधीपासून वर केबिनमध्ये होते. माणूस सटाण्याकडचा. बायको-मुलं गावी, भावाच्या शेतावर. हे टॉकीजच्या मागच्या खोलीत एकटे. शांत असले की तुमच्या-आमच्यासारखं बोलायचे, चिडले की बागलाणी बोली बाहेर पडायची. "हाई काय शे?" असं वरून ऐकू आलं की खाली डोअरकीपर आपापल्या दारावर जाऊन उभे राहायचे. चूक कोणाची आहे हे नंतर कळायचं.

केबिनच्या जिन्यात वरच्या पायरीला एक नळ होता आणि खिळ्याला सुतळीने बांधलेला साबण. हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बोटांचं तेल फिल्मला लागतं आणि मग पडद्यावर नायिकेच्या गालावर तुमचा अंगठा उमटतो, असं ते सांगायचे. शेठचे मेहुणे एकदा पाहुण्यांना केबिन दाखवायला घेऊन गेले आणि म्हणाले, "मी काय हमाल आहे का हात धुवायला?" सोनवण्यांनी दार लावून घेतलं. मेहुण्यांनी शेठकडे तक्रार केली. शेठ तावातावाने जिना चढून गेले. पाच मिनिटांनी खाली आले तेव्हा त्यांचे हात ओले होते. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आलेली प्रिंट ते आधी हाताने वाचायचे. म्हणजे रीळ फिरवत फिल्म बोटांमधून सोडायची आणि कुठे फाटलीय, कुठे जोड आहे ते चाचपायचं. जोडावरून त्यांना आधीच्या टॉकीजचा ऑपरेटर ओळखू यायचा. "हा मालेगावचा. घाईत लावलाय, पण सरळ आहे." किंवा, "ह्याने चाळीस फूट खाल्लंय. बाईने दार उघडलं आणि एकदम विधवाच झाली. मधलं कुठे गेलं?" असं कापलेलं चित्र दाखवताना त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा व्हायचा. चित्र चांगलं की वाईट यात त्यांना रस नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मंदाताई, निवडायला मी तांदूळ घेऊन बसलेलो नाही. आलं ते सगळं दाखवायचं. मधलं काढायचं नाही, आपलं घालायचं नाही."

त्यांचा धर्म म्हणाल तर एवढाच होता.

शनिवारचा रात्रीचा खेळ सुरू झाला तो मुंबईच्या वितरकाच्या चुकीने. एका पौराणिक चित्राऐवजी भलतेच डबे आले. कुठल्यातरी परक्या मुलखातलं चित्र, भाषा कोणाला ओळखता येईना. एक माणूस दीपगृहात राहतो आणि त्याच्याकडे एक बकरी असते, एवढंच. नऊचा खेळ सुटल्यावर सोनवण्यांनी प्रिंट तपासायला म्हणून ते रिकाम्या हॉलमध्ये लावलं. आम्ही चार-पाच जण बसून राहिलो. संपल्यावर कँटीनवाला म्हणाला, "समजलं काहीच नाही, पण उठवेना."

दुसऱ्या दिवशी सोनवण्यांनी हे वाक्य जसंच्या तसं शेठना ऐकवलं आणि शनिवारी रात्री सव्वाबाराचा जादा खेळ मागितला. कोणी घेत नाही अशी चित्रं मुंबईच्या वितरकाकडे धूळ खात पडलेलीच असतात, ती जवळजवळ फुकट मिळतील, हेही सांगितलं. शेठ फुकटाला नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी अट घातली. साठ माणसं आली पाहिजेत. साठ का, ते त्यांनाही माहीत नसावं.

तिकिटाला मी थांबायचं ठरलं, कारण बाकी कोणी तयार होईना. माझं घर दोन गल्ल्या सोडून. आमच्या ह्यांची दुसरी पाळी बाराला सुटायची. ते सायकल घेऊन टॉकीजवर यायचे, मागच्या रांगेत बसून डबा खायचे आणि खेळ सुटला की मला घेऊन जायचे. सहा वर्षांत त्यांनी असं एकही चित्र पाहिलं नसेल की ज्याच्या पहिल्या अर्ध्या तासात ते जेवत नव्हते.

बाहेरचा फळा सोनवणे सांगायचे आणि मी लिहायचे. मूळ नावं कोणाला वाचता येत नसत, म्हणून नावं त्यांचीच. 'दीपगृह आणि बकरी.' 'ज्या गावात कोणी झोपत नाही.' खाली सूचना. "चित्र संथ आहे. घाई असणाऱ्यांनी येऊ नये." "शेवटी कोणाचं लग्न होत नाही." एकदा नुसतं "पाऊस फार आहे." शेठ म्हणाले, "अरे सोनवणे, ही जाहिरात आहे की ताकीद?" सोनवणे म्हणाले, "नंतर खुर्च्या फाडण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं."

गंमत म्हणजे लोक यायचे. कॉलेजची पोरं यायची, पाळी सुटलेले कामगार यायचे, हॉटेलं बंद करून वेटर यायचे. एक इंग्रजीचे प्राध्यापक यायचे आणि मध्यंतरात आपल्या विद्यार्थ्यांना चित्राचा अर्थ सांगायचे. दुसऱ्या भागात तो अर्थ बहुतेक वेळा चुकायचा. आणि यायचे शेतकरी. पहाटे चारच्या लिलावासाठी सायखेड्याचे, चांदवडचे लोक टेंपोत माल भरून रात्रीच नाशकात यायचे. टेंपोत मच्छर चावायचे. आमच्याकडे पंखा होता. बरेचसे पहिल्या रिळातच झोपायचे, पण तिकीट काढून झोपायचे. सगळे मिळून पासष्ट, सत्तर व्हायचे. कधी एकसष्ट. सोनवणे दर शनिवारी जिन्यातून विचारायचे, "किती?" मी आकडा सांगितला की प्रोजेक्टरचा कार्बन पेटवायला जायचे.

आता कांदा.

इंग्रजी चित्र असलं की एक प्रिंट आम्ही आणि देवळाली कॅम्पातलं एक टॉकीज मिळून वापरायचो. कॅम्पात खेळ पावणेअकराला सुरू व्हायचा. त्यांचा पहिला भाग संपला की रज्जाक ते डबे राजदूत मोटारसायकलवर बांधून आमच्याकडे आणायचा, परत जायचा आणि दुसऱ्या भागाचे डबे घेऊन आमच्या मध्यंतराला हजर व्हायचा. रज्जाक मूळ मालेगावचा, पाच मुलांचा बाप, आणि गाडी अशी चालवायचा की जणू पाचही मुलं मागे बसली आहेत. पण वेळेला चुकला नव्हता कधी.

त्या शनिवारी चुकला. फळ्यावर होतं, 'तळघरातला. पहिल्या भागात फक्त हात दिसतो.' घरमालकीण तळघराचं दार उघडते, हात दिसतो आणि मध्यंतर. हॉल चांगला भरलेला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, रज्जाकचा पत्ता नाही. शिट्ट्या सुरू झाल्या. मग पाय आपटणं. मग लाकडाचा एक विशिष्ट आवाज आला, जो टॉकीजमध्ये काम केलेल्या माणसाला लगेच कळतो. मी जिना चढले, हात धुतले आणि आत गेले.

"सोनवणे, काहीतरी लावा."

"दुसरा भाग आला की लावतो."

"खाली खुर्च्यांचे हात निघायला लागलेत."

"मग काय करू? पहिला भाग परत लावू? बाई दार उघडून उभी आहे. तिला परत अंगणात कशी नेऊ?"

कोपऱ्यात एक डबा होता. "ते काय आहे?"

"सरकारी. कांद्याचं."

तेव्हा रोजच्या प्रत्येक खेळाआधी सरकारी माहितीपट दाखवावाच लागायचा; सव्वाबाराच्या जादा खेळाला तेवढी सक्ती नव्हती. त्या आठवड्याचा होता कांदा साठवण्यावर, अकरा मिनिटांचा.

"तेच लावा."

"पिक्चरच्या पोटात?" सोनवण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्राद्धाच्या पानात भजी वाढायला सांगितली होती.

"खुर्च्या लाकडाच्या आहेत, सोनवणे."

त्यांनी लावलं. पडद्यावर हॅट घातलेले एक अधिकारी हातात छडी घेऊन कांदा साठवायच्या चाळीसमोर उभे राहिले. हॉल क्षणभर गप्प झाला. तळघरातलाच कोणी असेल असं वाटलं असावं. अधिकारी म्हणाले, "शेतकरी बंधूंनो, मग कांदा का सडतो?" आणि उत्तर देण्याआधी जरा थांबले.

झोपेतून उठलेला सायखेड्याचा एक शेतकरी अंधारात म्हणाला, "हवा नाय!"

चांदवडचा दुसऱ्या टोकाकडून म्हणाला, "हवा हाय रे, ओल हाय खाली. त्येच्या छडीखाली बघ ना."

"तू चाळ बांधली का कधी?"

"तुझ्या बापानं माझ्याकडून वासे नेलेत, इचार त्याला!"

"अन् ह्यो हॅटवाला कांद्यावर उभा ऱ्हायलाय, त्ये बघ आधी!"

सगळा हॉल हसायला लागला. वेटर, कामगार, कॉलेजची पोरं, सगळे बाजू घेऊन भांडू लागले. अकरा मिनिटं कोणी खुर्चीला हात लावला नाही. कांदा संपता संपता रज्जाक घामाघूम होऊन आत आला. "भाभी, चेन तुटली. ढकलत आणली." दुसरा भाग सुरू झाला, तळघरातला एकदाचा पूर्ण बाहेर आला, आणि कोणीतरी ओरडलं, "आत हवा नाय म्हणून आला!"

एवढा हसलेला हॉल मी पुन्हा पाहिला नाही. वर केबिनच्या झरोक्यातून सोनवण्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. हसत नव्हता. खेळ सुटल्यावर म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटात आपली चटणी वाढली आज." आणि न जेवता झोपले.

पुढच्या शनिवारी दोनशे माणसं आली. चित्र वेगळं होतं. एका म्हाताऱ्या जोगिणीचं, फार दुःखी. मध्यंतराला हॉल ओरडू लागला, "कांदा लावा! कांदा!" शेठ स्वतः हजर होते. त्यांनी जिन्यात उभं राहून वर हाक मारली, "सोनवणे, लाव!"

त्या दिवसापासून प्रथा पडली. चित्र कुठलंही असो, मध्यंतरानंतर कांदा. अधिकारी विचारायचे, "मग कांदा का सडतो?" आणि चारशे माणसं एका आवाजात म्हणायची, "हवाऽऽ नाय!" पोरं खिशातून कांदे आणून वर धरायची. रविवारी सकाळी झाडलोटीत टोपलीभर सालं निघायची. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की हा रसभंग मुद्दाम केलेला आहे आणि त्याला फार अर्थ आहे. माहितीपट सरकारला परत पाठवायला हवा होता. स्मरणपत्रं यायची. "प्रत खराब झाली आहे, दुरुस्ती चालू आहे," असं शेठ मला उत्तरात लिहायला सांगायचे. मी लिहायचे. नोकरी होती.

सोनवण्यांनी कांदा सव्वातीन वर्षं दाखवला. टाळाटाळ केली नाही. दर आठवड्याला घासून घासून फाटणारं ते रीळ शुक्रवारी दुपारी मांडीवर घेऊन नीट जोडायचे. मी म्हटलं, "तुम्हाला आवडत नाही, मग एवढी मेहनत कशाला?" ते म्हणाले, "रिळाची काय चूक?" पण जिन्यातून "किती?" विचारणं त्यांनी बंद केलं होतं. आकडा आता कांद्याचा होता, त्यांचा नव्हता.

मग विहिरीचं चित्र आलं.

काळंपांढरं, कुठल्याशा थंड देशातलं, दोन तासांचं. एक माणूस विहीर खणतो. जवळजवळ कोणी बोलत नाही, म्हणून कॅम्पवाल्यांनी घेतलं नाही आणि अख्खी प्रिंट आमच्याकडेच आली. सोनवण्यांनी ती गुरुवारी हाताने वाचली. संध्याकाळी खिडकीशी आले. असे ते कधी येत नसत.

"मंदाताई, एक जोड नाही."

"म्हणजे?"

"कोणी कापलेलंच नाही. कोणी लावलेलंच नाही बहुतेक. पहिल्या फुटापासून शेवटच्यापर्यंत." मग म्हणाले, "मध्यंतर येतं तिथे तो माणूस विहिरीत उतरलेला असतो. वीस मिनिटं तो दिसत नाही. नुसता दोर हलतो. तिथे तोडून कांदा लावला तर माणूस खालीच राहील हो."

ते शेठकडे गेले. मी तिथेच टेबलाशी आठवड्याची पत्रं लिहीत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"एक शनिवार मध्यंतर नको आणि कांदा नको," सोनवणे म्हणाले.

"लोक टॉकीज जाळतील."

"शेवटपर्यंत साठ माणसं बसली तर कांदा कायमचा बंद करायचा. ठरवा."

शेठनी डोळे बारीक केले. "आणि नाही बसली तर?"

"तर मी जातो. कांदा लावायला दुसरा माणूस बघा."

"अरे, वेडा झालास का? इथला वीस वर्षांचा जुना माणूस तू."

"साठ. शेवटपर्यंत," सोनवणे म्हणाले आणि वर गेले.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साठ हा आकडा तुमचाच आहे."

शनिवारी मी फळा लिहिला. 'विहीर. कोणी बोलत नाही. मध्यंतर नाही.' खाली मोठ्या अक्षरांत, 'आज कांदा नाही.' लोकांनी वाचलं, हसले आणि तिकिटं काढली. त्यांना तो विनोद वाटला. हॉल गच्च भरला. शेठ बाल्कनीत जाऊन बसले. आमचे हे मागच्या रांगेत डबा उघडून बसले.

पहिला तास लोकांनी दम धरला. विहीर खोल होत गेली. मग तो माणूस कमरेला दोर बांधून आत उतरला आणि पडद्यावर फक्त विहिरीचा काठ आणि हलणारा दोर राहिला. लोकांनी घड्याळं पाहिली. कोणीतरी सुरुवात केली, "हवाऽऽ नाय!" सगळ्यांनी साथ दिली. दोर हलत राहिला. पुन्हा ओरडा. कांदे पडद्यावर भिरकावले गेले. एक नेमका दोरावर बसला. दोर हलत राहिला. मी वर झरोक्याकडे पाहिलं. तिथे काही हललं नाही.

मग लोक उठायला लागले. आधी पोरं, शिव्या देत. मग वेटर. प्राध्यापक पाच मिनिटं जास्त बसले आणि तेही गेले. विद्यार्थ्यांना बाहेर अर्थ सांगत असतील. पाऊण हॉल रिकामा झाला. पण एक सांगते, उरले ते गप्प होते. असा गप्प हॉल मी पाहिला नव्हता. आमच्या ह्यांनी डबा संपवला होता आणि ते पडद्याकडे बघत होते.

संपायला पाच मिनिटं असताना मी बॅटरीवर पदर धरून रांगारांगांतून मोजत गेले. आमच्या ह्यांना धरलं नाही, कारण ते फुकट होते. दोनदा मोजलं. एकसष्ट. त्यांतले चोवीस झोपलेले होते. लिलावाचे शेतकरी, माना टाकून, तोंडं उघडी. पण बसलेले होते. तिकीट काढून, शेवटपर्यंत.

दिवे लागल्यावर शेठ खाली आले. "किती?"

"एकसष्ट," मी म्हटलं.

शेठनी हॉलवर नजर फिरवली. झोपलेले त्यांनाही दिसले. पण बाईमाणसाशी वाद नको म्हणून असेल, किंवा ऑपरेटर जायला नको म्हणून असेल, ते म्हणाले, "ठीक आहे. जिंकला तुमचा सोनवणे."

सोनवणे तेवढ्यात जिन्यावरून उतरत होते. त्यांनी ऐकलं. मला विचारलं, "झोपलेले धरून?"

मी बॅटरी पदराखाली घेतली.

"मंदाताई, झोपलेले धरून?"

"तिकीट काढलंय त्यांनी," मी म्हटलं. "दर शनिवारी धरतो की आपण त्यांना."

"आलेले मोजायचो तेव्हा धरायचो. आज बघणारे मोजायचे होते." ते शेठकडे वळले. "सदतीस."

"अरे, मी एकसष्ट मानतोय ना!" शेठ वैतागले. "तुला काय पडलीय?"

"वरून दिसतं मला. चोवीस माना पडल्या होत्या."

"सोनवणे," मी म्हटलं, "गप्प बसायला काय घ्याल?"

ते माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठी केलंत. पण हे पण आपलं घातल्यासारखंच झालं ना?"

शेठ तणतणत निघून गेले. जाताना म्हणाले, "उद्या डोकं थंड झालं की ये." सोनवणे वर गेले, प्रिंट उलटी गुंडाळून डब्यांत भरली, झाकणांवर खडूने क्रमांक टाकले आणि केबिनला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मग खोलीतून कपड्यांची पिशवी घेऊन आले. एवढंच सामान होतं. सगळा वेळ वरच गेलेला.

मग त्यांनी झोपलेल्यांना उठवलं. हे काम डोअरकीपरचं. ते बाक बडवून उठवायचे. सोनवणे एकेकाच्या खांद्याला हात लावत गेले. "दादा, उठा. लिलावाला उशीर होईल." शेवटच्या रांगेतला चांदवडचा एक शेतकरी उठून बसला, डोळे चोळले आणि म्हणाला, "काय झालं मग? पानी लागलं का?"

"तू कुठपर्यंत पाहिलंस?"

"त्यो दोर बांधून उतरला तिथवर."

"मग पुष्कळ राहिलंय."

आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या शेतकऱ्याचा टेंपो चालू झाला होता. लिलाव झाला की तो चांदवडला परतणार होता. तिथून सटाण्याला एसटी मिळते. सोनवणे पुढे बसायची जागा असूनही मागे मालावर, त्या शेतकऱ्याशेजारी चढून बसले. मला म्हणाले, "येतो ताई." मी म्हटलं, "जपून." आमच्या ह्यांनी सायकलची घंटी वाजवली. दुसरं काय करायचं त्यांना कळलं नसावं.

टेंपो वळला तेव्हा सोनवणे दोन्ही हातांनी हवेत दोर ओढून दाखवत होते. शेतकरी पुढे वाकून ऐकत होता.

"पण पानी लागलं का नाय, ते सांग ना!"

"थांब ना भो," सोनवण्यांचा आवाज आला, "आधी दोर तुटस."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी टॉकीजवर गेले. केबिन उघडली, कोपऱ्यातला कांद्याचा डबा घेतला, सुतळीने बांधला आणि त्यावर सरकारी कचेरीचा पत्ता लिहिला. सोबत चिठ्ठी जोडली, "प्रत दुरुस्त झाली आहे. विलंबाबद्दल क्षमस्व." एसटी स्टँडच्या पार्सल खिडकीवर पावती करून घेतली. शेठ अजून समजतात की सरकारचा माणूस येऊन डबा घेऊन गेला. मग घरी जाऊन मुलांना न्हाऊ घातलं. दोघांच्याही डोक्यात शाळेतून उवा आल्या होत्या.